थोरली शेवटाला बसते

अक्का,

तुझ्या दुकानातल्या दोरीवर त्या चपट्या करड्या केबली अजून तशाच लटकत आहेत. एका काठाला लाल रेघ, मधोमध घडी पडलेली, जणू धुऊन वाळत घातल्या आहेत. आता त्या कुणी विकत घेत नाही, हे तुला ठाऊक होतं; तरी तू त्या काढल्या नाहीस. काल मी त्यांतली एक खाली घेतली, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या तीन खोबण्यांवरून बोट फिरवताना मनात तुझेच शब्द आले: चूल, धाकटी, थोरली. बाहेर मन्नाएखेळ्ळीचा हमरस्ता वाहत होता, प्रत्येक ट्रकसरशी शटर खडखडत होतं आणि आतल्या टेबलाच्या शेवटाला असलेली तुझी खुर्ची रिकामी होती.

तुला जाऊन अजून पुरता पंधरवडाही झाला नाही. डॉक्टरांचे कागद माझ्या पिशवीत आहेत, ते मी नीट वाचले आहेत. त्यातलं काही इथे लिहिणार नाही. कारण कळलं म्हणून काही बदलत नाही, असं एरवी मी कधी म्हटलं नसतं; तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "शाणी झालीस की गं."

मला लिहायचं आहे ते आपल्या वादाबद्दल. तो मिटला नाही.

सुरुवात तुझ्या शब्दांपासून करते. तू बीदरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलास तेव्हा वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि मेंढपाळाच्या घरातली तू एकटी. पुस्तकात लिहिलं होतं की एका केबलीवर दोन डिस्क जोडल्या तर एक मालक आणि दुसरी गुलाम. गावी येऊन तू दुकान आणि मुलींचा क्लास काढलास, तेव्हा पहिल्याच दिवशी ते शब्द फळ्यावर लिहून तू त्यावर काट मारलीस. "माझ्या दुकानात गुलाम न्हाई," तू म्हणालीस. "एका घरात दोघी जावा असतेत. एक थोरली, एक धाकटी. दोघी एकाच वाटंनं येतेत-जातेत, एकीचं चालू असलं की दुसरी थांबते. समजलं?" मुलींना लगेच समजलं. मी त्या वेळी बारावी विज्ञानात होते, सुट्टीला दुकानात येत असे आणि मागच्या बाकावरून मनाशी हसत असे. शास्त्र शिकवताना सासर-माहेर आणणं मला अशास्त्रीय वाटे.

संगणकाची पेटी उघडून तू आत हात घालायचीस तो मात्र कधी घाईचा नसे. "लाल काठ एक नंबरकडं," असं पुटपुटत तू केबल बसवायचीस, कारण ती उलटी बसली तर पेटी मुकी होते. मोठ्या पाटीला, मदरबोर्डला, जिच्यातून सगळी आज्ञा येते, तू चूल म्हणायचीस. भाकरी तिथूनच येते, म्हणून.

आणि याच चुलीने तुला कोळारला गोत्यात आणलं.

बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतला, बाटल्यांची झाकणं तयार करणारा तो कारखाना. त्यांच्या संगणकाची डिस्क भरत आली होती आणि तिच्यावर झाकणांच्या सगळ्या साच्यांचे आराखडे होते, कित्येक वर्षांचे. दुसरी डिस्क जोडायची होती. त्यांच्या नेहमीच्या बीदरच्या दुरुस्तीवाल्याला वेळ नव्हता, म्हणून कुणीतरी तुझं नाव सुचवलं. व्यवस्थापक दारातच आपल्याला पाहून थबकला.

"मेकॅनिक मागून यायलेत काय?" त्याने विचारलं.

"मेकॅनिक पुढूनच आलीया," तू म्हणालीस. "ही माझी बहीण. पाना धरायला."

मी पाना धरायला आलेली नव्हते. माझ्या दप्तरात कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या सरांकडून मागून आणलेला मल्टीमीटर होता आणि माझ्या मते आपल्यातली शास्त्रज्ञ मी होते.

तो नवीन तऱ्हेचा पट्टा होता, पूर्वीपेक्षा दुप्पट तारांचा, बारीक विणीचा. त्याची गंमत अशी होती की डिस्कच्या पाठीवरची छोटी खूण 'केबल ठरवेल' अशी लावली की कोण थोरली आणि कोण धाकटी हे केबलच ठरवत असे. तू दोन्हींवर तशी खूण लावलीस. मग जुनी डिस्क, जिच्यात कारखान्याचा सगळा जीव होता, ती तू चुलीजवळच्या, म्हणजे मधल्या खोबणीत बसवलीस आणि नवी कोरी डिस्क पट्ट्याच्या टोकाला. मला ते अगदी योग्य वाटलं. आपल्या घरात कुणालाही वाटलं असतं. जेवायला बसताना चुलीजवळची जागा थोरल्याची. पहिली गरम भाकरी त्याच्या ताटात पडते आणि लहानांनी रांगेच्या शेवटी बसायचं. लहानपणापासून तेच पाहिलेलं. दुसऱ्या कुणी सूचनांचा कागद शोधला असता. आपण शोधला नाही, कारण आपल्याला उत्तर माहीत होतं.

पेटी सुरू झाली, पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

व्यवस्थापक मागेच उभा होता. "बाई, साचे गेले काय माझे?"

"न्हाई."

"मग दिसंना कामून?"

"तेच बघायलेय."

"तुमी बघा, पर हात नका लावू आता. संध्याकाळी बीदरचा माणूस बोलावतो. त्यानंच बघू दे." मग जरा वेळाने, आपल्याला ऐकू जाईल अशा बेताने तो कारकुनाला म्हणाला, "मी म्हटलं न्हवतं? बाया टायपिंगला ठीक."

तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात लाज नव्हती. हिशेब होता. हे काम हातातून गेलं असतं तर एका कारखान्याचं काम गेलं असतं एवढंच नव्हे; मन्नाएखेळ्ळीतल्या ज्या बापांनी कुरकुरत मुलींना तुझ्या क्लासला धाडलं होतं, त्यांना महिनाभरात कळलं असतं की शिकवणारीनेच कोळारात मशीन घालवलं. दुकान राहिलं असतं, पण क्लास बसला असता.

"संध्याकाळपर्यंत टाइम हाय नव्हं?" तू विचारलंस. "डिस्कला हात लावत न्हाई. नुसता पट्टा काढून द्या. बाहेर बसून बघतो आमी."

आवारात पत्र्याच्या सावलीत, झाकणांच्या रिकाम्या खोक्यांवर आपण बसलो. तू पट्टा मांडीवर पसरलास आणि मी मल्टीमीटर काढला. पुढचा सगळा तपशील मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण आपला वाद त्यावरच उभा आहे. मी एका टोकाच्या एकेका छिद्रात सुई घातली आणि दुसरी सुई उरलेल्या दोन खोबण्यांत त्याच जागी. मल्टीमीटर वाजला तर तार पोचली, नाही वाजला तर नाही पोचली. वाजत गेला, वाजत गेला, आणि एका ठिकाणी गप्प झाला. एक तार शेवटच्या खोबणीपर्यंत नीट जात होती, पण मधल्या खोबणीला तिचा स्पर्शच नव्हता. ती मुद्दाम तोडलेली होती.

"अक्का," मी म्हणाले, "ज्या डिस्कला ही तार मिळते ती थोरली. मधलीला मिळतच नाही. मधली कायम धाकटी. आणि पेटी सुरू होताना थोरलीलाच विचारते; आपण तिथे कोरी डिस्क बसवलीय."

"म्हणजे थोरली शेवटाला?"

"शेवटाला."

"कामून?"

"ते इथे लिहिलेलं नाही. पण मोजून तसंच येतंय."

"मोजून येतंय ते येऊ दे गं. पर असं करायचं कामून? थोरलीला चुलीपासून लांब कोण बसवतंय?"

मी थोडी वैतागले होते, हे तुला आठवत असेल. मला उत्तर मिळालं होतं आणि तुला कारण हवं होतं. मग मलाही ते हवंसं वाटू लागलं. मी खोक्याची सुतळी खांबाला बांधून हलवली आणि तुला दाखवलं: लाट निघते, टोकाला जाते, आणि टोक तिला सामावून घेऊ शकलं नाही तर माघारी येते, माघारी आलेली लाट नव्या लाटेला भिडते आणि सगळी खिचडी होते. पट्ट्यावर एकच डिस्क असेल आणि ती मध्ये बसवली, तर पुढचं टोक मोकळं लोंबतं आणि संदेश तिथून उलटा फिरतो. म्हणून शेवटची जागा आधी भरायची. तिथे कुणीतरी असलंच पाहिजे.

तू सुतळीकडे बघत होतीस, पण तुला सुतळी दिसत नव्हती.

"अप्पा मागं चालायचे," तू म्हणालीस.

अप्पांनी मेंढरं विकली तेव्हा मी, त्यांची धाकटी लेक, फार लहान होते. मला ते ऐकून माहीत. तू त्यांच्याबरोबर चालली होतीस. कळप निघाला की पुढे पोरंसोरं, कुत्री, घोड्यावरचं बिऱ्हाड. ज्याचा कळप तो मात्र सगळ्यांच्या मागे, धुरळा खात. पुढे कुणीही चालतं. मागे कुणी नसलं की शेवटचं मेंढरू थबकतं, वळतं, आणि एक वळलं की त्याच्या मागे सगळा कळप माघारी फिरतो.

"थोरलं माणूस जेवताना चुलीपाशी," तू म्हणालीस, "पर वाटंला लागलं की शेवटाला. हे जेवण न्हवंच गं. ही वाट हाय. मी पंगत मांडून बसले!" आणि तू इतक्या मोठ्यांदा हसलीस की कारकून खिडकीत आला.

आत जाऊन, व्यवस्थापकाला विचारून, तू दोन डिस्कच्या जागा बदलल्यास. पेटी सुरू झाली. साच्यांची नावं एकाखाली एक पडद्यावर उतरू लागली. व्यवस्थापक खुर्चीत बसला आणि त्याने रुमालाने मान पुसली.

"म्हणजे गेलं न्हवतंच काही?"

"काही गेलं न्हाई. बसायची जागा चुकली होती. माझ्याच हातानं चुकली," तू म्हणालीस, ताठ मानेने, जणू पराक्रम सांगावा तसं. "आता पुन्हा कुणाच्या हातानं चुकणार न्हाई. आन् साहेब, टायपिंग मला येत न्हाई. ते तुमचं कारकून करतील."

चूक एवढ्या दिमाखात कबूल करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही फारसं पाहिलेलं नाही. कोळारातली किती तरी कामं तुझ्याकडे आली ती त्या वाक्यामुळे, हे माझं मत मी आजही सोडणार नाही.

परतीच्या बसमध्ये वाद सुरू झाला. केबल कुणी सोडवली? मी म्हणाले, मी, मोजमाप माझं. तू म्हणालीस, "तू सांगितलंस कोण. कामून ते मी सांगितलं. कारण ठाऊक न्हाई त्याला सोडवणं म्हणत न्हाईत." मी म्हणाले, कारणही सुतळीने मीच दाखवलं, मेंढरं ही नुसती उपमा. तू म्हणालीस, "मग तुझी सुतळी काय हाय? तीबी केबल न्हाईच की." मी खिडकीबाहेर पाहिलं. पुढे मी पदवीला गेले, पदव्युत्तरला गेले, आणि दर सुट्टीत दुकानात पाऊल ठेवलं की तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "आली का मोजणारी?" क्लासच्या भिंतीवर तू तेलरंगाने लिहून ठेवलंस, 'थोरली शेवटाला'. नवीन आलेल्या पोरींना वाटे, ही काही तरी देवाधर्माची ओळ आहे.

मग बारीक केबल आली. बोटाएवढी रुंद, लाल, एका डिस्कला एक. मी बेंगळुरूहून मोठ्या उत्साहाने तुला दाखवायला आणली. तू ती उलटसुलट करून पाहिलीस.

"ह्यात थोरली-धाकटी?"

"नाहीच. प्रत्येकीची स्वतंत्र वाट. आणि जुन्या पट्ट्यापेक्षा वेगवान."

"इतकी बारीक असून?"

"बारीक म्हणूनच. पट्ट्यात सगळ्या तारांनी एकाच वेळी पोचायला हवं. वेग वाढवला की कुणी पुढे, कुणी मागे, आणि सगळ्यांना थांबावं लागतं. एकटीने जायचं असेल तर थांबायचं कुणासाठी?"

तू बराच वेळ ती केबल बोटाभोवती गुंडाळत राहिलीस. "खरं हाय," तू म्हणालीस. "समद्यांनी एका टायमाला पोचायचं म्हटलं की गाडी सावकाश. एकटीनं पळायचं म्हटलं की भरधाव." आणि मग माझ्या पाठीत एक धपका घालून, "पळ मग."

मी पळाले. तू पळू दिलंस. बेंगळुरूच्या फ्लॅटमधून मी तुला कितीदा म्हटलं की इकडे ये, तुझ्या हाताला इथे मान आहे, मन्नाएखेळ्ळीत तू वाया चालली आहेस. 'वाया' हा शब्द मी वापरला. शेवटच्या फोनवरही वापरला. तू चिडली नाहीस. "वाया कशानं गं? तुमी समद्या पुढं जायलाव त्ये मागं कुणीतरी हाय म्हणून," तू म्हणालीस, "थांब, गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवलास. मी प्रत्युत्तर तयार करून ठेवलं होतं. चांगलं, मुद्देसूद होतं. ते आता कुणाला देऊ?

त्याऐवजी तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. माझ्या या नोकरीच्या मुलाखतीत तिघे जण समोर होते आणि त्यांतल्या एकाने, जुन्या केबलीचं टोक मोकळं का ठेवू नये, हेच विचारलं. मी समीकरण मांडलं. ते त्यांना हवंच होतं. मग त्यांच्यातली बाई म्हणाली, आता हे समीकरण न येणाऱ्याला समजावा. माझ्या तोंडून सुतळी निघाली नाही, अक्का. मेंढरं निघाली. धुरळा, पुढची पोरं, मागे चालणारे अप्पा, शेवटचं वळणारं मेंढरू. तिघेही लिहायचे थांबले. घरी फोन केला तेव्हा मी तुला फक्त नोकरी लागली एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर वाद तुझ्या बाजूने मिटला असता आणि मला तो इतक्यात मिटवायचा नव्हता. मला वाटलं होतं, आपण म्हाताऱ्या होईपर्यंत भांडू.

परवा अप्पांनी मला जवळ बसवलं. मोबाईलचं दुकान काढणारा एक जण तुझी जागा मागतो आहे. "तू येणार असशील तर ठेवू," अप्पा म्हणाले. "न्हाईतर देऊन टाकू. घरातलं थोरलं कुणी नसंल तर दुकान चालंल का?"

मी येणार नाही. हे मी तुझ्यापाशी तरी आडपडद्याशिवाय म्हणू शकते. माझं काम तिकडे आहे आणि ते मला फार आवडतं. पण मी अप्पांना काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, "अप्पा, केबल डिस्कचं वय विचारत नाही. नवी आहे की जुनी, कोणत्या कारखान्यातली, काही विचारत नाही. शेवटाला जी बसते तिला ती थोरली मानते."

अप्पांनी काठी बाजूला ठेवली. "मग बसायलंय कोण?"

"रुक्साना."

तुझी रुक्साना, पंक्चरवाल्या खाजाभाईंची मुलगी. पहिल्या वर्गाला ओढणीचं टोक चावत बसणारी आणि आता क्लासचे दोन्ही वर्ग एकटीने घेणारी. तू दवाखान्यात होतीस तेव्हा तिने एक दिवसही शटर बंद ठेवलं नाही, हे तुला कुणी सांगितलं होतं का?

"ती आपल्यातली न्हाई," अप्पा म्हणाले. विरोध म्हणून नव्हे. तपासून पाहावं तसं.

"तुमच्या कळपामागे कधी दुसरं कुणी चाललं नाही का?"

"चाललं की," अप्पा म्हणाले. "मला ताप आला तवा खाजाचा बाप चालला व्हता. चांगला सा कोस." आणि ते उठले, काठी घेतली, आणि जागा मागणाऱ्या माणसाला नाही म्हणून सांगायला स्वतः चालत गेले.

म्हणून आज सकाळी मी दुकानात होते. शटर रुक्सानाने उघडलं. कुठल्याशा शाळेतला एक शिपाई जुनी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला. "महानंदाक्का हायत का?" त्याने विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. मी रुक्सानाकडे पाहिलं.

"अक्का न्हाईत आता," रुक्साना म्हणाली. "पेटी खाली ठेवा. मी बघते."

शिपाई तिथेच उभा राहिला. त्याने टोपी काढली, मग पुन्हा घातली. पेटी मात्र माघारी नेली नाही. रुक्सानाने झाकण काढलं. आत तोच पट्टा होता, लाल काठाचा, दोन डिस्क असलेला. तिने तो सोडवला, पुसला, लाल काठ एक नंबरकडे धरला आणि हातातल्या डिस्कला पट्ट्याचं टोक जोडताना ओठांतल्या ओठांत भिंतीवरची ओळ म्हटली. मग ती टेबलाला वळसा घालून शेवटाकडे गेली, क्षणभर थांबली, आणि तुझ्या खुर्चीत बसली. मला रडू येईल असं वाटलं होतं. दाटून आला तो अभिमान. तुझा, आणि थोडासा माझाही.

मी टेबलाच्या कडेला अवघडून उभी होते. कोणत्या बाजूने जावं हे मला ठरवता येत नव्हतं.

"धाकट्या अक्का," पडद्यावरची नजर न काढता रुक्साना म्हणाली, "उभ्या कामून? हितं मधी बसा की, हौ?"

वाद तुझ्या बाजूने मिटला, अक्का. मी मध्ये बसले.